चपलांचे तळ वाचणारे मावसाजी

माणसाचं तोंडही न पाहता त्याची कुंडली सांगणारा इसम साऱ्या घाटंजीत एकच, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. पी.टी. मास्तर म्हणून रिटायर झालेले मावसाजी माणूस वाचतात तो चपलेच्या तळावरून. लग्नात सगळे मांडवात अक्षता टाकत असतात, तेव्हा हे बाहेर चपलांच्या ढिगापाशी उकिडवे बसून एकेक उलटी करून बघतात. एकदा तर नवरीकडच्यांनी चप्पलचोर म्हणून धरलं. मावसाजी शांतपणे म्हणाले, "चोर कायचा? ही ज्याची असन तो उजवा पाय घासत चालून राह्यला. त्याले म्हणा, कमर दाखवून घे." चप्पल निघाली नवरदेवाच्या बापाची. मावशी महिनाभर तोंड लपवत होती.

वयाच्या हिशेबानं माझी ती शेवटचीच पोलीस भरती होती. मैदानी चाचणीला महिना उरला अन् डावा गुडघा बाहेरच्या बाजूनं दुखायला लागला. पहिली दहा मिनिटं काही नाही, मग नेमकं तिथंच सुरी खुपसल्यागत. आई तेल चोळून दमली, शेजारणीनं विटेनं शेकलं, मी पट्टा बांधून पळतच राहिले. दुखणं वाढत गेलं.

मावसाजींनी गुडघ्याकडे ढुंकूनही न पाहता माझे बूट उलटे केले. दुसऱ्या दिवशी मी रस्त्यानं पळताना सायकलनं माझ्या मागे आले. "जायाचं डाव्या हातानं, यायाचं बी डाव्या हातानं. रस्ता मधात उंच, कडेले उतरता. तुया डावा पाय रोज खालीच पडून राह्यला पोरी." डावीकडून चालायचं हे शाळेत त्यांनीच छडी घेऊन शिकवलं होतं.

मग पंधरा दिवस पळणं बंद. कुशीवर निजून वरचा पाय उचलायचा, कारण "दुखते गुडघा, पण कमजोर कमर हाय." पंधरा दिवस गेले म्हणजे भरती गेली, म्हणून मी रडायला लागले. "रड," ते म्हणाले, "पण पाय उचलता उचलता रड." नंतर बाजार समितीच्या सपाट आवारात थोडं थोडं पळवलं, दुखायच्या आत थांबवलं.

आठशे मीटर वेळेत निघाले, निवड झाली. सगळ्यांचे फोन, मार्क किती, पोस्टिंग कुठं. मावसाजींनी एवढंच विचारलं, "दुखला काय वं?" नाही म्हणता म्हणता मला रडू फुटलं.

आता बंदोबस्तात दिवसभर उभी असते, पण पाय दुखतो का हे तिथं कुणी विचारत नाही. तो एक प्रश्न ऐकायला मात्र घाटंजीलाच यावं लागतं, अन् हल्ली मावसाजींचा आवाज फार बारीक झालाय.