सांगितलेला कोंबडा

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसले तेव्हा आईने मला न विचारता राखणदाराला कोंबडा सांगितला होता, म्हणजे माझ्या पास होण्यासाठी नवस केला होता. आमच्या घरामागच्या परड्याच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, आहे. त्यापलीकडे, कुंभ्याच्या झाडाखाली राखणदाराची, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाची, जागा. वर्षातून एकदा तिथे कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. पण त्या वर्षी भावकीत माणूस गेलं, सुतक आलं आणि राखण राहिली. कोंबडा वाचला.

घरात आम्ही दोघीच. सांगितलेल्या कोंबड्याला आई कधी हाकलत नसे, ओरडत नसे. आमच्या आधी त्याला पानावर भात वाढायची. असा वर्षभर मान मिळाल्यावर कुठलाही कोंबडा माणसाला भिणार नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मी ओरोसला एका कचेरीत कामाला लागले होते. सकाळच्या एसटीने जायचं, दिवेलागणीला परत. घरी आल्यावर आईच्या पायांवर ओरखडे दिसायचे.

"ह्या काय गो आई?"

"काय नाय. काटो लागलो."

तो काटा कोंबड्याच्या पायामागचा होता. एका रविवारी मी प्रत्यक्ष पाहिलं. आई विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. तो मान खाली घालून, एक पंख जमिनीला घासत आडवा आला आणि उडून तिच्या नडगीवर बसला. आवाज केला नाही. मला विचित्र वाटलं ते हेच. काम झाल्यावर तो गडग्यापाशी गेला आणि कुंभ्याकडे तोंड करून उभा राहिला. कोंबड्या त्याच्यापासून लांब, भिंतीला चिकटून.

आईला साखर आहे. ती जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशीच लागली तर पाय वाचवणं कठीण.

"इकून टाकूया तेका," मी म्हटलं.

"गप रव! तो आपलो नाय."

मी परड्यात जाताना सूप ढालीसारखं धरू लागले. तो सुपावर आदळायचा, मग मागे सरून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. भर दुपारी, परड्यात पान हलत नसताना, ते बघणं मला सोसायचं नाही. राखणेला अजून दोन महिने होते. शेवटी मी वाडीतल्या, देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या आजोबांकडे गेले.

"काय गो, ग्रॅज्युएट झालंस आणि कोंब्याक भियातंस?"

"आवशीच्या पायाक भियातंय, आजोबा."

ते हसायचे थांबले. "सुतक कधीच फिटला. मगे वाट कसली बघतास? येत्या रविवारी देवया. पण कोंबो तूच धरून हाडूक व्हयो. तुझ्यासाठी सांगलेलो."

रविवारी दुपारी मी सूप न घेता परड्यात गेले. तो गडग्यापाशीच उभा होता. मी वाकले, दोन्ही पंखांवरून हात घातले आणि त्याने मला उचलू दिलं. अंग तापलेलं, वजन भलतंच. छातीतली धडधड माझ्या तळव्यांना लागत होती, नजर मात्र कुंभ्यावरून हलली नाही.

कुंभ्याखाली आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या बायेन सांगलेला आज पुरा करतंव. उशीर झालो असात तो पदरात घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी म्हणालो.

त्यांनी सुरी घेतली तेव्हा मी पाठ फिरवली. कोंबडा ओरडलाच नाही.

त्या संध्याकाळी आईने सवयीने मागल्या दारी पानावर भात वाढला. वाढल्यावर तिच्या लक्षात आलं, पण वाढलेलं पान ती उचलेना. खुराडं मी स्वतः बंद केलं. सकाळी उठले तेव्हा खुराड्याची कडी तशीच होती आणि पान स्वच्छ होतं. कावळ्याने खाल्लं असेल, मुंगूस आलं असेल. एकही शीत सांडलेलं नव्हतं.

महिनाभरात आईची जखम भरली. ती परड्यात पुन्हा निर्धास्त फिरते, आणि पान अजून वाढते. पान रोज रिकामं होतं. मी तिला एकदाही अडवलं नाही. ज्या पायांनी ती चालते, त्यांच्याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही. फक्त भर दुपारी विहिरीवर जायची वेळ आली, की माझा हात आपोआप सुपाकडे जातो.