दोनच सीटची गाडी

गाडी पूर्ण खोलून पुन्हा जोडली की चार-पाच नटबोल्ट उरतातच. कुठले, कुठून आले, कुणालाच सांगता येत नाही. गाडी तर जोडून झालेली असते! टाकवत नाहीत म्हणून ते एका डब्यात जातात. आमच्या गाडीचे किस्से असेच माझ्याकडे उरलेत. दोन-अडीच वर्षांत डबा भरत आला. दुपारी घरात ऐकायला कुणी नसतं. म्हणजे रेवा असते, पण तिला गोष्टीत हत्ती लागतो. म्हणून तुम्हाला सांगते.

आमची गाडी म्हणजे मंदारची. मंदार माझा नवरा. नोकरी ठाण्याला, सकाळी साडेसातला जातो, रात्री नऊला येतो. रविवारी मात्र घरी असतो. म्हणजे घराच्या खाली. डोंबिवलीत मानपाड्याला आमची सोसायटी आहे, तिच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपलेला. रविवारी मला नवऱ्याचे फक्त दोन पाय दिसतात. पायांवरून मूड ओळखायला शिकलेय मी!

*

गाडी आली तेव्हा रेवा पाच महिन्यांची होती. कुणाच्या तरी बंगल्यामागे वर्षानुवर्षं पडून असलेली स्पोर्ट्स कार. छोटीशी, टप नसलेली, फायबरच्या बॉडीची. आली ती टेम्पोतून. बॉडी उलटी टाकलेली, इंजिन गोणपाटात, बाकीची गाडी खोक्यांत.

टेम्पो जयेशचा. जयेश कोपरचा, घरचा धंदा खाडीतल्या मासेमारीचा. त्याने बॉडीवर थाप मारली आणि मंदारला विचारलं, "दादा, होरी कंच्या खाडीन घालाची?"

ही होडी नसून गाडी आहे, हे कळल्यावर तो इतका हसला की भाडं घ्यायचं विसरला. ते मागायला पुढच्या रविवारी आला आणि तिथेच राहिला. आता दर रविवारी येतो.

मी रेवाला कडेवर घेऊन आत डोकावले. "दोनच सीट?"

"अगं, स्पोर्ट्स कार आहे!"

"आपण तीन आहोत."

मंदारने विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाला, "रेवा लहान आहे अजून."

"लहान आहे, पण मोजायची तर असते ना? मग घरी कोण राहणार?"

"आधी चालू तर होऊ दे!"

मी मात्र त्याच दिवशी उत्तर काढलं. या उघड्या गाडीत रेवाला मी बसवणार नाही. रेवाला सोडून मी कुठे जाणार नाही. म्हणजे दुसरी सीट माझी नाही. इतकं सरळ होतं. तरी दर रविवारी गॅलरीतून मी त्या सीटकडेच का बघायचे, हे विचारू नका.

*

या रविवारच्या मंडळातले तिसरे पाटणकर काका, तळमजल्यावरचे. एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेलं. काकू गेल्यापासून एकटेच असतात. गाडी आल्यापासून रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली येतात, तो काढून घडी घालतात आणि बनियनवर कामाला लागतात.

मंडळात मलाही एक काम मिळालं. लग्नाआधी आणि नंतरही, रेवा होईपर्यंत, मी ठाण्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. पुस्तकांच्या पाठीवर लेबलं लावायचे. अक्षर चांगलं आहे माझं. काका म्हणाले, "सूनबाई, खोललेला प्रत्येक पार्ट वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर तुमचं लेबल."

डबे कुठले? तर रेवाच्या दुधाच्या पावडरीचे! त्यांचा आमच्याकडे डोंगर झाला होता. कागदी चिकटपट्टीवर मी लिहायचे, "पुढचा डावा, वरचा." "मागचा उजवा, आतला." स्वयंपाकघरातून खाली जायला मला तेवढंच निमित्त असायचं. मी लेबलं हळूहळू लिहायचे.

मग एका बुधवारी मी मंदारच्या डब्यात भाजी भरली आणि त्यावरही पट्टी लावली. "वरचा, भेंडी." मला वाटलं, तो हसेल, फोन करेल.

त्याने ती पट्टी जपून काढून परत आणली. म्हणाला, "ही वाया कशाला घालवतेस? चिकट आहे अजून."

*

गाडीत बेअरिंग बसवायचं असलं की ते आधी थंड करतात. थंडीने ते आकसतं आणि जागेवर अलगद बसतं. म्हणून मंदारने नवं कोरं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, मटारांच्या शेजारी.

त्या रविवारी ठाण्याहून माझी आई आली होती. रेवाला दात येत होते, नुसती रडत होती. मी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर रेवा एकदम शांत! दोन्ही हातांत बेअरिंग धरून चोखतेय.

आई कौतुकाने म्हणाली, "हिरड्यांना गार लागावं म्हणून कडं ठेवलंयस ना फ्रीजरमध्ये? शहाणी माझी बाय! साबणाच्या गरम पाण्याने धुतलं हं मी आधी."

मी किंचाळले. माझी किंचाळी ऐकून मंदार आणि काका जिना चढून धावत आले.

"धुतलं?" काका दारातच भिंतीला टेकले. "बेअरिंग? पाण्याने?"

"साबणाने?" मंदार म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

दोघांनी ते दिव्याखाली धरलं, फिरवलं, कानाशी लावलं. मी रेवाच्या तोंडात बोट घालून हिरड्या तपासत होते आणि डॉक्टरांना फोन लावत होते. एका खोलीत दोन पेशंट होते आणि एका पेशंटपाशी मी एकटीच होते.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता बाळ रडतंय का?"

"हो, ते काढून घेतल्यापासून."

"मग परत देऊन टाका!"

*

सोसायटीत आमची पहिली तक्रार झाली ती गाडी विटांवर उभी असताना. सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली, "पार्किंगची जागा वाहनांसाठी आहे. चाके नसलेली वस्तू तेथे ठेवता येणार नाही. रविवारी पाहणी केली जाईल."

मंदार हबकला. मी तर दोन रात्री झोपले नाही. आता घर सोडावं लागणार, रेवाला प्ले-ग्रुपमध्ये घेणार नाहीत, इथपर्यंत पोचले होते मी. (मी अशी लवकर पोचते.)

रविवारी सेक्रेटरी पाहणीला आले. जयेशने गाडीच्या चार कोपऱ्यांना टेम्पोचे चार जुने टायर टेकवून ठेवले होते. एकेक टायर गाडीच्या कमरेएवढा.

"हे काय?"

"चाका."

"पण ती लावलेली नाहीत!"

"साहेब," जयेश फार समजुतीने म्हणाला, "तुमची गारी पन उभी हाय ना? चालते कं आता?"

*

बॉडीला तडे होते. फायबरचं काम जयेशला येतं, घरच्या होड्या तोच सांधतो. त्याने आठवडाभर खपून एकेक तडा, एकेक भोक बुजवलं. इतकं सुंदर काम, की काका चष्मा काढून बघत राहिले.

आमच्या पार्किंगवरून टाकीचा ओव्हरफ्लो पाइप जातो. सोमवारी सकाळी पंप बंद करायचा राहिला. मी रेवाला घेऊन खाली आले तर स्पोर्ट्स कार काठोकाठ भरलेली! त्यात रेवाचं सुटलेलं एक सँडल तरंगतंय.

मी मंदारला फोन केला, जयेशला केला. मंदार मीटिंगमध्ये होता. जयेश टेम्पो घेऊन आला. मला वाटलं, आता हा डोक्याला हात लावणार. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, खाली वाकून बघितलं आणि छाती फुगवून म्हणाला, "वयनी, येक थेंब गलला नाय!"

तळाची जी भोकं पाणी जायला म्हणूनच ठेवलेली असतात, ती त्याने सगळ्यात मन लावून बुजवली होती. होडीला भोक ठेवतं का कुणी?

पाणी उपसायच्या आधी रेवाने त्यात तिचं बदक सोडलं. गाडीत बसायचा पहिला मान त्याचा.

*

एका रविवारी मंदारने खालून हाक मारली, "अगं, खाली येतेस का? गाडीत बस जरा!"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा! मी गाऊन बदलून कुर्ता घातला. केस विंचरले. रेवाला काकांकडे दिलं आणि त्या दुसऱ्या सीटवर बसले. हात कुठे ठेवावेत कळेना. मांडीवर ठेवले. वाटलं, फोटो काढणार असेल.

मंदारने चाक आणि बॉडी यांच्यामध्ये टेप धरली, आकडा वाचला. "हां. झालं. उतर."

"काय झालं?"

"शेजारी माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते बघायचं होतं. इतके दिवस तांदळाची दोन पोती ठेवायचो. पण ती वाण्याला परत केली काल."

काकांनी मान दुसरीकडे वळवली. मी उतरले. जिना चढताना मागून मंदारचा खूश आवाज आला, "बघा काका, पोत्यांइतकंच आलं! एका मिलिमीटरचाही फरक नाही!"

*

आणि एक दुपार. तिघंही पार्ट शोधायला उल्हासनगरला गेले होते. रेवा झोपत नव्हती. मी तिला घेऊन खाली आले आणि कुणी नाही बघून आम्ही दोघी गाडीत बसलो. उभ्या गाडीत चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. इंजिन बाहेर, लाकडी घोडीवर होतं. मी स्टिअरिंगवर. तोंडाने "बुर्रर्र" करत होते. गिअर टाकत होते. रेवा खिदळत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"मॅडम, किधर?"

वॉचमन शेजारी उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातून आलंच, "माहेरी. ठाण्याला."

त्याने गंभीरपणे मान हलवली. "शिळफाटा से मत जाना. जाम है."

*

आता शेवटचा. यासाठी आधी लिंबांचं सांगायला हवं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यावरून न्यायची, हे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दसऱ्याला आमच्या गाडीला चाकंच नव्हती. काकांनी तरी चार विटांपाशी चार लिंबं ठेवली. संध्याकाळी मी त्यांचं सरबत केलं. दुसऱ्या दसऱ्याला चाकं होती, इंजिन नव्हतं. गाडी ढकलून नेली. तीन लिंबं चिरडली, चौथं जयेशच्या पायाखाली.

यंदाच्या दसऱ्याला गाडी चालू झाली. आरटीओचे कागद झाले होते, ब्रेक दहादा तपासले होते. पिवळा रंग, बॉनेटवर झेंडूचा हार. इंजिनचा आवाज घुमला तसे सेक्रेटरीसुद्धा गॅलरीत आले. मंदार स्टिअरिंगवर बसला. ठाण्याला जाऊन माझ्या आईला सोनं द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. दुसरी सीट रिकामी होती.

"जयेश, चल बस!" मंदार म्हणाला.

जयेश पुढे झाला, पण काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पोतं आहेस का रे? त्या सीटचं माप सूनबाईंना बसवून घेतलंय."

जयेश थांबला. मग त्याने माझ्यासाठी दार उघडलं. "बसा वयनी."

"रेवा..." मी म्हणाले.

"रेवा माझ्याकडे राहील," काका म्हणाले. त्यांनी शर्ट काढला नव्हता, इस्त्री तशीच होती. "लेबल लावून द्या."

मी वर गेले. कागदी पट्टी घेतली. दुधाच्या डब्यावर लावली, "साडेचारला, अर्धा कप, कोमट." पेजेच्या डब्यावर लावली. तापाच्या औषधावर लावली, ताप नसताना. आईचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर. खाली येऊन एक पट्टी रेवाच्या फ्रॉकवरही लावली. तिला ती फार आवडली.

"काका, काही राहिलं तर?"

"सूनबाई, या गाडीचे उरलेले नटबोल्ट सगळे आमचे आहेत. तुमचं लेबल होतं ते एकही हरवलेलं नाही."

मी बसले. हात मांडीवर ठेवले. मंदारने गाडी पुढे घेतली. एक, दोन, तीन, चार! चारही लिंबं! जयेशने शिट्टी मारली. रेवा काकांच्या कडेवरून हात हलवत होती, रडत नव्हती. थोडं रडायला हरकत नव्हती, असं मला वाटून गेलं.

गेटपाशी वॉचमनने हात केला. आधी मंदारकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आज भी शिळफाटा जाम है. डेढ-दो घंटा लगेगा."

"आज भी म्हणजे?" मंदार माझ्याकडे वळला. बऱ्याच दिवसांनी तो एवढ्या जवळून माझ्याकडे बघत होता. सीट तशा अगदी खेटून आहेत. "मग वेस्टला जाऊन माणकोलीच्या पुलावरून घेऊ? अर्ध्या तासात पोचू."

मी पट्टा लावला.

"नको," मी म्हणाले. "शिळफाट्यावरूनच घे."