बारा मीटरच्या रस्त्याला माझी हरकत

गल्लीच्या शेवटच्या घरात राहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर एकदा भाजीवाल्याची वाट बघावी. तो ओरडत येतो, आवाज जवळ येतो, मी पायात चपला सरकवतो, पिशवी शोधतो, आणि तेवढ्यात तो अलीकडच्याच घरापाशी गाडा वळवतो. त्याचंही बरोबर आहे. पुढे रस्ता नाही. पुढे मी आहे, पण माझ्यातून गाडा जात नाही.

माझ्या कुंपणाला लागून उसाचं रान आहे आणि रानापलीकडे मोठा रस्ता. शिरोली एमआयडीसीतली पाळी सुटली की तिकडून मोटरसायकलींचा लोंढा जातो. आवाज एवढा जवळ, की दर वेळी वाटतं, कुणीतरी आपल्याकडेच वळलं. कुणी वळत नाही. मधे ऊस आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. तिथं माणूस शिंकला तर तीन घरांतून चौकशी होते आणि चौथ्या घरातून काढा येतो. पोटापाण्यासाठी मी माइक धरला. लग्नात निवेदन, सत्काराचं सूत्रसंचालन, फुटबॉलच्या हंगामात मैदानावर समालोचन. शेकडो जोडपी मी माइकवरून बोहल्यावर चढवली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. आईला अंगण हवं होतं म्हणून पेठेतली खोली सोडून इकडे, गावाच्या कडेला, हे घर बांधलं. तिनं अंगणात जास्वंद लावली, तिला फुलं आलेली पाहिली आणि काही वर्षांनी ती गेली. तेव्हापासून माझा हॉल फार मोठा झाला आहे. पाहुणे येतील म्हणून तो मोठा बांधला होता.

असं सगळं शांत चाललेलं असताना शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. प्रारूप, म्हणजे अजून कच्चा. लोकांनी त्यावर हरकती घ्यायच्या, त्यांची सुनावणी व्हायची, मग तो पक्का व्हायचा. आमच्या गल्लीत एक फौंड्रीवाला राहतो. शिरोलीत त्याचं ओतकामाचं शेड आहे, आणि भट्टीशेजारी ओरडून बोलायची सवय त्याची घरीही सुटत नाही. त्यानं मोबाइलवर नकाशा मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. आमच्या गल्लीवर दोन सरळ रेघा होत्या. त्या गल्लीतून आल्या, माझ्या अंगणावरून गेल्या, उसात घुसल्या आणि पलीकडच्या मोठ्या रस्त्याला जाऊन भिडल्या.

"बारा मीटर! आपली गल्ली त्याच्या निम्मी बी न्हाय. दोन्ही बाजूची कंपाउंडं जात्यात, पायऱ्या जात्यात, वैनींची गिरणी जाती. आणि तुमचं तर अंगणच गेलं की हो!"

मी चेहरा पाडला. माझा चेहरा फार सुंदर पडतो. शोकसभांवर मी तो कमावला आहे.

आत मात्र बँड वाजत होता. बारा मीटर! म्हणजे माझ्या दारावरून रिक्षा जाणार, शाळेची पोरं जाणार, वराती जाणार. कुणीतरी गाडी थांबवून विचारणार, "पावणं, हे अमुक अमुक कुठं राहत्यात?" मी त्याला पहिल्यांदा मुद्दाम चुकीचं वळण सांगणार, म्हणजे तो परत येईल. दुसऱ्यांदा आला की ओळख झालीच, मग चहा. जास्वंदीची फांदी कुंडीत लावता आली असती. आईनं मला परवानगी दिली असती, ती स्वतः दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारी बाई होती.

पण हे बोलायचं कुणाला? फौंड्रीवाल्यानं वैनींची गिरणी म्हटलं ते खरं होतं. माझ्या अलीकडच्याच घरात वैनी राहतात. नवरा गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली आणि दोन मुलींची शिक्षणं त्या पिठावर केली. रस्ता झाला तर त्या खोलीची भिंतच जाणार होती.

कोल्हापुरात आधी कृती समिती होते, मग प्रश्न समजून घेतला जातो. समिती त्याच दिवशी झाली. बैठक कुठं घ्यायची, तर ज्याचा हॉल रिकामा त्याच्याकडे. बोलायचं कुणी, तर ज्याचं अंगण जातंय त्यानं. शिवाय एरवी बोलायचे पैसे घेतो तो गल्लीसाठी फुकट बोलेल, असा दूरदर्शी विचारही त्यामागे होता.

"मास्तर, तुमी नुसतं हुबं ऱ्हायला तरी निम्मा रस्ता मागं सरतोय," फौंड्रीवाला म्हणाला. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण माइक धरणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.

आणि मग माझ्या घराला जत्रा लागली. एक दिवसाआड बैठक. दारात चपलांचा ढीग पडे. वैनी सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरून विचारत, "साखर कुठं ठेवलीय? मी टाकतो चहा. ह्या डब्यात काय हाय? पोहे? ह्यांना जाळ्या धरल्यात की!" आईनंतर माझ्या डब्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. मी फार सुखात होतो. बैठका कशा लांबवाव्यात, यात मी तर तरबेजच झालो. हरकतीचा मसुदा तयार होत आला, की मी गंभीरपणे म्हणायचो, "हा 'परंतु' मला खटकतोय. यावर परवा बसू." परवा सगळे बसायचे. 'परंतु'वर दोन गट पडायचे, आवाज चढायचे, मधे कुणीतरी भडंग आणायचं, आणि मी त्या कोलाहलात डोळे मिटून, पेठेत असल्यासारखा, बसून राहायचो.

अशा रीतीनं, ज्या रस्त्याची मी मनोमन वाट बघत होतो, त्याच्याविरुद्धचा लढा माझ्या घरातून चालला.

सुनावणीच्या दिवशी सगळी गल्ली इस्त्रीच्या कपड्यांत आली. सभागृहात पुढे सुनावणी घेणाऱ्या सरकारी समितीचे लोक बसले होते, आणि मधोमध एक नगररचनाकार बाई, वयानं लहान, हातात पेन, चेहऱ्यावर सकाळपासूनच्या भांडणांचा थकवा. आमचा क्रमांक आला. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि मागे आमच्या लोकांकडे एक नजर टाकली. मागे गर्दी असली की मला आवाज लागतो.

"मॅडम, आमच्या गल्लीत दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एक मागं सरते. माणसं सरत न्हाईत. अशी आमची वाहतूक म्हशींच्या समजूतदारपणावर चाललीय, तिला बारा मीटर लागत न्हाईत. दुसरं, गल्ली अरुंद हाय म्हणून समोरच्या घरात काय भांडण झालं ते आमाला ऐकू येतं. तुमी समोरचं घर एवढं लांब नेलं, तर आमी जगायचं कशावर?"

सभागृह हसलं. समितीतले एक गृहस्थ तर टेबलावर थाप मारून हसले. मग मी आवाज खाली आणला आणि वैनींच्या गिरणीचं सांगितलं, त्यांना उभं केलं. मग पुन्हा एक कोपरखळी, पुन्हा हशा. मला माहीत होतं की सामना आपण जिंकला आहे. शिट्टी व्हायची तेवढी बाकी होती.

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "गल्लीचं म्हणणं समजलं. सर्वांत जास्त जागा तुमची जातेय. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न मसुद्यात नव्हता. मला असं कुणी बऱ्याच दिवसांत विचारलंही नव्हतं. मी तोंड उघडलं, थोडा थांबलो, आणि बाहेर पडलं ते असं:

"माझं म्हणाल तर, मॅडम, रस्ता व्हावा. माझ्या दारावरनं कुणी जात न्हाय."

छप्पर उडालं. फौंड्रीवाला बाकावर मागे कोसळला. "मेलो, मेलो!" म्हणत त्यानं शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. समितीतले गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसू लागले. वैनी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. आमच्याकडे एखाद्याची चेष्टेखोर म्हणून ख्याती झाली, की तो बुडताना ओरडला तरी लोक काठावर टाळ्या देतात.

एकटी ती बाई हसली नाही. पेन कागदावर टेकवून तिनं विचारलं, "हे नोंदवून घेऊ का?"

गलका चालूच होता, त्यामुळे तिचा प्रश्न माझ्याखेरीज कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. मी मागे पाहिलं. वैनींनी पदर तोंडावरून काढला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, अभिमानानं, घरचा माणूस मोठ्या मैदानावर खेळताना बघावं तसं.

"न्हाय मॅडम," मी म्हणालो. "चेष्टा केली."

तिनं पेन उचललं. पुढच्या हरकतीचा क्रमांक पुकारला गेला.

परत येताना मी फौंड्रीवाल्याच्या गाडीवर मागे बसलो होतो. वाऱ्यात तो ओरडत होता, "काय टायमिंग हाय राव तुमचं!" माझ्या दारात त्यानं मला उतरवलं. मी म्हणालो, "या की, चहा टाकतो."

"आता कशाला?" त्यानं गाडी वळवतच म्हटलं. "आता मीटिंग कुठं हाय?"

बरेच महिने गेले आणि आराखडा पक्का झाला. आमच्या गल्लीवर रेघा नव्हत्या. फौंड्रीवाल्यानं गच्चीवर जेवण ठेवलं, तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से. मला फेटा बांधला, शाल दिली, मधोमध खुर्चीत बसवलं. हात धुऊन लोक गोल करून बसले आणि फर्माईश सुरू झाली.

"मास्तर, ते म्हशींचं करा!"

म्हशींचं केलं. भांडणाचं केलं. बाईंचा पेन धरलेला हात, गृहस्थांची टेबलावरची थाप, सगळं करून दाखवलं. मग सगळ्यांना हवं होतं ते आलं. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "माझं म्हणाल तर, मॅडम, रस्ता व्हावा. माझ्या दारावरनं कुणी जात न्हाय."

गच्ची हादरली. वैनींना हसून हसून ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अजून एकदा करा की, भावजी."

मी पुन्हा उभा राहिलो. फेटा सारखा केला, छातीवर हात ठेवला, आणि या वेळी बोलायच्या आधी जरा जास्तच वेळ थांबलो. त्या बाईंसारखं कुणीतरी विचारेल म्हणून गोलातल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

सगळे हशा तोंडात धरून तयार बसले होते.