फिकी काच

फोटोवालीच्या कपाटात रसकापुराची बाटली कुलपात असे आणि किल्ली तिच्या कमरेला. नवरा कंपाउंडर होता तेव्हा दवाखान्यातली हत्यारं याच्याच पाण्यात बुडवून ठेवत. नवरा गेला, दवाखाना मोडला, विष तेवढं हिच्या गळ्यात पडलं. "चिमूटभर पोटात गेलं की कारभार आटोपला!" असं ती येईल त्याला दरडावून सांगे. बाई तोंडाची फटकळ, पण काम चोख. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरे, मग कागदावर छापत; फिकी उतरलेली काच रसकापुराने गडद करावी तर तिनेच.

एका दुपारी धाकटी जाऊ आली. तिचं तान्हं पोर तापाने गेलं होतं. त्याचा एकच फोटो, तोही याच खोलीत काढलेला. दिवस ढगाळ, पोर चुळबुळं. काच इतकी फिकी आली की छापून काही दिसेना.

"जाऊबाई, डोळे मिटले की त्याचा चेहराच येत नाही हो समोर," म्हणत ती मटकन खाली बसली. "कसली आई मी!"

"रडू नकोस. चेहरा मी काढते."

म्हणाली खरी, पण ही काच नासली तर दुसरी आणायची कुठून?

ती काच धूत बसली. धूत बसली म्हणजे बसलीच.

"अहो, किती धुणार? भांडं आहे का ते?"

"चित्र पक्कं करायच्या हायपोचा अंश राहिला तर पोराच्या तोंडावर डाग पडेल. गप बस."

मग चिनी मातीच्या तबकात रसकापुराचं पाणी ओतून तिने काच आत सोडली. होतं नव्हतं ते चित्रही पांढरंफटक पडत गेलं. जाऊ किंचाळली, "पुसलंत! माझं पोर पुसलंत!" आणि काच काढायला तिने हात घातलाच असता, पण फोटोवालीने फाडकन त्यावर चापट मारली.

"विष आहे ते, बये! जरा धीर धर की."

पुन्हा धुणं झालं. मग काच अमोनियात गेली. वासाने दोघींचे डोळे घळाघळा वाहू लागले. कुणाचं पाणी कशाचं, कोण सांगणार? काच मात्र काळी होत गेली, चांगली दाट.

छापलेला कागद जाऊने उचलला. "हाच गं बाई! अस्सेच ओठ मुडपायचा!"

पोराच्या पाठीमागे काळ्या पडद्यातून एक हात आला होता. पोर कलंडू नये म्हणून जाऊच तिथे लपून बसली होती. तान्ह्यांच्या प्रत्येक फोटोत आईचा असा हात येतो, आणि फोटोवाले तो काचेवरून खरवडून टाकतात. सवयीने फोटोवालीने सुरी उचललीही होती.

"काढा तो," जाऊ ओशाळून म्हणाली. "सगळ्यांचा काढता ना?"

फोटोवालीने सुरी खाली ठेवली. "सगळ्यांचा काढते. हा नाही काढायची."

"अहो, पण लोक हसतील."

"हसू देत. कसली आई म्हणत होतीस ना मघाशी? ही बघ."