नखं राहतील

पद्माकर शेडगे फेब्रुवारी २०२० मध्ये भोसरीहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे सिडनीला आले, आणि मार्चमध्ये विमानं थांबली. तीन महिन्यांच्या कपड्यांत वर्ष काढायची वेळ आली. शेडग्यांनी तक्रार केली नाही. दोन शर्ट रोज आलटून पालटून हाताने धुवायचे, एवढंच.

घर सिडनीच्या पेंडल हिल उपनगरात, भाड्याचं. पुढच्या खोलीत मुलगा सारंग कानाला हेडफोन लावून ऑफिस करायचा, मागच्या खोलीत सून लीना. मधल्या हॉलमध्ये दिवसभर दोघंच असायचे, शेडगे आणि मिरी.

मिरी ही काळी मांजर. मे महिन्यात लीनाने तिला प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलं. पहिला आठवडा ती सोफ्याखाली होती. दुसऱ्या आठवड्यात बाहेर आली ती थेट शेडग्यांच्या पायावर येऊन बसली. "मला मांजरी आवडत नाहीत," असं ते लीनाला म्हणाले, आणि तासभर पाय हलवला नाही.

जूनमध्ये घोळ झाला. इथे भाड्याचं घर एजंट तीन-तीन महिन्यांनी तपासतो. महामारीमुळे तो येत नव्हता. आपणच फोन धरून व्हिडिओवर घर दाखवायचं. बेडरूमच्या दारापाशी कार्पेटचे धागे निघालेले त्याला दिसले. चार दिवसांनी ईमेल आली. सप्टेंबरच्या तपासणीत नवीन नुकसान दिसलं, तर मांजर ठेवायची परवानगी रद्द.

सारंगने बाटलीत पाणी भरून मिरीवर फवारायला सुरुवात केली. मिरी शिकली. सारंग असताना ती नखं लावायची नाही, सारंग मीटिंगला बसला की लावायची.

मग एका रविवारी यतिन आला. सारंगचा इथल्या युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र, आता पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊन एका गोदामात सुपरवायझर. गॅरेजचं शटर उघडून चौघं लांब लांब खुर्च्या टाकून बसले.

"अरे, एवढं काय डोक्याला ताप," यतिन म्हणाला. "नखंच काढून टाक ना. ब्लॅकटाउनला एक जण ओळखीचा आहे. पूर्वी क्लिनिकमध्ये होता, आता घरीच करतो. एका आर्वोत, एका दुपारीत काम खलास. नो वरीज."

"ते बेकायदा आहे," लीना म्हणाली. "मी व्हेटला फोन केला होता. ती म्हणाली, मांजरीलाच काही आजार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर इथे करता येत नाही. नख ओढून काढत नाहीत म्हणे. नख हाडातून उगवतं, म्हणून ते हाडच सांध्यातून तोडतात. बोटाचं शेवटचं पेर."

"आमच्या चुलत राजीवदादाने टेक्सासला दोन मांजरींचं केलंय," सारंग म्हणाला. "मस्त आहेत दोघी. आणि दुसरा उपाय सांग ना मला. परत शेल्टरला देऊ? तिला कोण घेणार पुन्हा?" मग तो हसला. "बाबांकडे बघा. दोन बोटांची टोकं गेली कारखान्यात, प्रेस मशीनमध्ये. काही अडलं? उलट बढती मिळाली! हो ना, बाबा?"

यतिनही हसला. "काका तर लेजंड आहेत."

शेडग्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही शेवटच्या पेरापासून नव्हती. एकोणनव्वद साली गेली. त्यावर ते कधी बोलले नव्हते असं नाही. पुष्कळदा बोलले होते, आणि दर वेळी एकच वाक्य. सवय होते.

"बढती नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी डाय-सेटर होतो. प्रेसमध्ये साचा बसवायचा. साच्याखाली पत्र्याची पट्टी सरकवावी लागते, कागदासारखी पातळ. ती चिमटीत धरायला बोटांची टोकं लागतात. माझी चिमूट गेली. तीन महिने प्रयत्न केला, पट्टी खाली पडायची. मग साहेबाने स्टोअरला बसवलं. नट-बोल्ट मोजायला. तुझ्या आईला मी बढती म्हणून सांगितलं."

शेडग्यांनी उजवा हात सगळ्यांना दिसेल असा गुडघ्यावर ठेवला.

"आमच्या शेडमध्ये रीतच होती. बोट गेलं की पंधरा दिवसांनी कामावर यायचं, कँटीनमध्ये हात वर करून दाखवायचा आणि हसायचं. रडला तो बायल्या. माझ्या आधी सहा जण तसे हसले होते. मी सातवा. नवीन पोरं आम्हाला बघून म्हणायची, काही होत नाही. आणि मशीनचा गार्ड, बोटं वाचवणारी जाळी, काढून ठेवायची, माल लवकर निघावा म्हणून. मीही तसाच काढला होता."

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"आता बोलतोय. इथे जूनची थंडी पडल्यापासून जी टोकं नाहीत तीच ठणकतात. रोज. शर्टाचं वरचं बटण मी दोऱ्यात अडकवून, दोरा दातात धरून काजातून ओढतो. ही दोन पेरं आहेत. त्या जनावराची दहा तोडणार तुम्ही, पुढच्या दोन्ही पंजांची. तेही ठरवून. कशासाठी? कार्पेटसाठी." त्यांनी यतिनकडे पाहिलं. "तुझ्या त्या ब्लॅकटाउनवाल्याचा नंबर पुसून टाक. मिरीची नखं राहतील."

"सॉरी काका," यतिन म्हणाला.

"मग एजंटचं काय करू?" सारंगचा आवाज चढला. "तत्त्वाने कार्पेट वाचत नाही, बाबा!"

"तत्त्वाने नाही. कामाने वाचतं. ते काम माझं."

दुसऱ्या दिवसापासून शेडगे वही घेऊन हॉलमध्ये बसले. चार दिवस त्यांनी फक्त पाहिलं. मिरी कुठे नखं लावते, केव्हा लावते, जमिनीपासून किती उंचावर. मेजरिंग टेप खिशात. झोपेतून उठली की लावते, दिवसातून पाच वेळा. सोफ्याच्या हाताला लावते, कारण तो हलत नाही. पाठ पूर्ण ताणते, पंजा पंच्याहत्तर सेंटिमीटरवर पोचतो. कार्पेटवर त्यांना नखाचं एक टरफल सापडलं. त्यांना वाटलं नख तुटलं. त्यांनी मिरीचा पंजा दाबून पाहिला, तर आत नवं टोकदार नख तयार. मांजर जुनी साल काढत होती, दुसरं काही नाही. मिरीने नखं घासावीत म्हणून दुकानातून आणलेली, गॅरेजात पडून राहिलेली काठी त्यांनी मोजली. पन्नास सेंटिमीटर. बोट लावलं की डुलते.

"हिच्यावर कोण टेकेल?" ते लीनाला म्हणाले. "ही काठी बनवणाऱ्याने मांजर बघितलेली नाही."

त्यांनी लाकडाचा चौरस खांब आणवला, नव्वद सेंटिमीटर कापला, खाली जाड प्लायची रुंद फळी ठोकली. आणि मग त्यांच्यातल्या कारागिराने घात केला. चार दर्जांचे सँडपेपर घासून त्यांनी खांब आरशासारखा केला, वर तीन हात पॉलिश मारलं.

यतिनने व्हिडिओ कॉलवर पाहिला. "काका, शोरूम पीस! देवघरात ठेवा."

मिरीने पंजा लावला. पंजा घसरला. तिने शेडग्यांकडे पाहिलं, सोफ्याकडे गेली आणि मनसोक्त नखं लावली.

लीना हसून लोळली. शेडगे हसले नाहीत. आठ दिवसांचं काम वाया गेलं होतं, आणि चूक त्यांची होती. मांजरीला खरखरीत हवं हे वहीत लिहिलेलं होतं; हाताने ऐकलं नाही. त्यांनी पॉलिश खरवडलं आणि घायपाताचा जाड दोर आणवला. गावाकडे बैलांना वापरतात तसलाच, इथल्या दुकानात रिळावर मिळाला. दोर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायचा, फट राहता कामा नये. एक टोक बुटाखाली दाबायचं, दुसरं डाव्या हाताने ओढायचं. उजव्या हाताची पकड पुरत नव्हती. पाच वेढे झाले की थांबायचं, हातोडीने खाली ठोकायचं. तीन दिवस लागले. लीना म्हणाली मी ओढते, तर म्हणाले, "तू मीटिंग कर. दोर ढिला पडला तर पुन्हा उलगडावा लागेल."

खांब त्यांनी सोफ्याच्या हाताला लागून ठेवला, कोपऱ्यात नाही. सोफ्याच्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. मांजरीला पंजा चिकटलेला आवडत नाही. पाण्याची बाटली कचऱ्यात टाकली. मिरीने खांबाला नखं लावली की लगेच सुक्या माशाचा तुकडा. संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीला चिंधी बांधून खेळ, कारण दिवसभर रिकामं बसलेलं जनावर काहीतरी उकरणारच. आणि दर पंधरवड्याला नखं कापणं. नखाच्या आतला गुलाबी भाग जिवंत असतो, त्याला धक्का लावायचा नाही. फक्त पुढचं पांढरं टोक. लीना मिरीला धरायची, शेडगे डाव्या हाताने कात्री चालवायचे. पहिल्या दिवशी एक नख. दुसऱ्या दिवशी दोन. मिरीने त्यांच्या मनगटावर तीन ओरखडे काढले. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मिरी झोपेतून उठली, आळस दिला आणि स्वतःहून खांबाला लागली. सात आठवडे कार्पेट शाबूत राहिलं.

मग एका सकाळी बेडरूमच्या दारापाशी पुन्हा खरखर ऐकू आली. शेडगे धावले. चौकटीला दोन बारीक रेघा. हॉलमध्ये खांब नव्हता.

"मी गॅरेजमध्ये ठेवलाय," सारंग म्हणाला. "आज हॉलमधून कॉल होता, मागे दिसत होता. क्लायंट काय म्हणेल, बाबा?"

"म्हणेल, याच्याकडे मांजर आहे."

"बाबा, प्लीज. दोन तासांचा प्रश्न होता."

"माझा गार्डही दोन तासांसाठीच काढला होता." त्यांनी एकट्याने तो खांब गॅरेजमधून ढकलत आणला आणि सोफ्याला लावला. सारंग मदतीला उठला तेव्हा नको म्हणाले नाहीत, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. चौकटीच्या रेघा मात्र सारंगनेच घासून काढल्या, शेडग्यांनी तीनदा परत घासायला लावल्या.

तपासणीच्या दिवशी सारंगने बेडरूमच्या दारात पायपुसणं टाकलं, बरोबर जुन्या धाग्यांवर. शेडग्यांनी ते उचललं.

"बाबा, तेवढं झाकू द्या."

"लपवायचं नाही. जे आहे ते दिसू दे."

फोनवर एजंट तिशीचा, घाईत. सारंगने घर फिरवून दाखवलं. दारापाशी एजंट म्हणाला, थांबा, हे काय?

सारंग अडखळला. शेडग्यांनी मान पुढे केली. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं. "ओल्ड," ते म्हणाले. "जून. कॅट डिड. आफ्टर जून, कार्पेट नथिंग. यू चेक एव्हरी रूम. आय वेट."

एजंटने खरंच सगळ्या खोल्या पुन्हा पाहिल्या. नवीन काही सापडलं नाही. तरी म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. नख असलेली मांजर म्हणजे धोका राहणारच.

"टेल ओनर," शेडगे म्हणाले, "कॅट स्टे. नेल स्टे."

सारंगने फोन स्वतःकडे वळवला. एजंटशी तो आजवर सॉरीशिवाय वाक्य सुरू करत नसे. "तेच माझंही म्हणणं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "आम्ही चार वर्षं इथे वेळेवर भाडं भरतोय. तिला काढा म्हणालात तर आम्हीही घर सोडू. हे लिहून घ्या."

लीनाने तोंडावर हात ठेवला. शेडगे पायपुसणं घडी करत राहिले.

ईमेल पाच दिवसांनी आली. सारंगने उभ्यानेच वाचली. "मांजर राहू शकते. दारातलं कार्पेट घर सोडताना दुरुस्त करून द्यायचं."

लीनाने मिरीला उचलून छातीशी धरलं. मिरीला ते मान्य नव्हतं. ती सुटली आणि लीनाचा स्वेटर ओढून गेली.

शेडगे बेडरूमच्या दारात गुडघ्यावर बसले होते. "सोडताना कशाला? आताच करू. कपाटाच्या आत हेच कार्पेट आहे, तिथे कोणाला दिसत नाही. तेवढा तुकडा काढून इथे बसवायचा."

"त्याला परवानगी विचारावी लागेल, बाबा."

"मग विचार," शेडगे म्हणाले आणि खिशातून टेप काढली. "तोवर मी माप घेतो. ते टोक धर. घट्ट."