दुष्टाच्या तोंडची मराठी

मरीना किनाऱ्यावर घटकाभर बसून घरी यावे, पाय धुवावेत, चपला झटकाव्यात, आणि तरीही पुढे चार दिवस कुठून कुठून वाळू निघत राहावी, तसे आमच्या रविवारच्या बैठकीच्या किश्श्यांचे झाले आहे. मी ते मुद्दाम जमवलेले नाहीत. वर्गात व्याकरण शिकवताना मध्येच एखादा आठवतो आणि हसू आवरावे लागते. मुले बिचारी समजतात, सरांना समास फार आवडतो!

बैठक म्हणजे काय, तर चेन्नईतली आम्ही चार मराठी माणसे रविवारी सकाळी समुद्राकाठच्या सिमेंटच्या बाकांवर बसतो आणि चित्रकथांमधल्या दुष्टांविषयी तावातावाने भांडतो. मी शाळेत संस्कृत शिकवतो. मालतीताई नागपूरच्या, बँकेच्या बदलीने इथे आल्या. कीर्तने ओरगडमच्या मोटार कारखान्यात गुणवत्ता तपासतो आणि तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये राहतो. 'मॅन्शन' या शब्दाने दिपून जाऊ नये. खाट ठेवली की खोली संपते, आणि दारावर 'महिलांना प्रवेश नाही' अशी पाटी. मालतीताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "बरं, मग समुद्रावर तरी पाटी नाही ना?" तेव्हापासून बैठक समुद्रावर.

चौथे सेतुराव. तंजावरला मराठ्यांचे राज्य झाले तेव्हा तिकडे गेलेल्या जुन्या मराठी घराण्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचे धोतर. त्यांची मराठी ऐकली की मला एखादी जुनी पोथी उघडल्याचा भास होतो, फक्त ती पोथी तमिळ हेल काढून बोलते. बैठक संपली की आम्ही त्यांच्याच घरी, कीर्तनेच्या मॅन्शनच्याच गल्लीत, कॉफीला जातो.

०००

माझा एक दोष मंडळींनी मुकाट्याने पत्करला आहे, तो म्हणजे शब्दांचा काटेकोरपणा. 'खलनायक' आणि 'प्रतिनायक' यांत भेद आहे, असे मी एकदा सविस्तर सांगत होतो. जो केवळ दुष्ट तो खल. ज्याची बाजू नायकाच्या बाजूइतकीच भक्कम तो प्रतिनायक.

कीर्तनेने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, "सर, थोडक्यात काय, एक रिजेक्ट आणि एक रीवर्क!"

पुढे विषय निघाला 'शेअर्ड युनिव्हर्स'चा. एका चित्रकथेतला नायक दुसरीत पाहुणा म्हणून येतो, तिसरीतला दुष्ट पहिलीत घुसतो, सगळ्यांचे जग एकच. याला मराठी शब्द हवा, असे मी म्हणालो आणि बराच विचार करून 'सामायिक विश्व' सुचवले.

मालतीताई एकदम सावध झाल्या. "सामायिक? म्हणजे जॉइंट अकाउंटसारखं?"

"तसेच म्हणा."

"मग आधी सांगा, ऑपरेशन कसं? दोघांची सही, की आयदर ऑर सर्व्हायव्हर?"

त्या विश्वात दर वर्षाला एखादा नायक मरतो आणि पुढच्या वर्षी परत येतो, हे लक्षात घेता प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता!

०००

कीर्तनेचा लाडका दुष्ट म्हणजे डॉक्टर करोजन. तो ज्याला हात लावील त्या लोखंडाला गंज चढतो. मोटारींच्या सुट्या भागांमध्ये आयुष्य घालवणाऱ्याला याच्याइतका भयंकर दुष्ट कोण वाटणार? मी त्याचे नामकरण केले 'गंजासुर'. अर्थवाही, सुटसुटीत, संधी निर्दोष.

मालतीताई हसतच सुटल्या. "अहो गुरुजी, आमच्या नागपुराकडे गंज म्हणजे पातेलं! गंजात वरण शिजवतात!"

"म्हणजे वरणाचा असुर?" कीर्तने दुखावला.

सेतुरावांनी मात्र गंभीरपणे विचारले, "डाळ कोणती घालितो?"

त्या दिवसापासून कीर्तनेने डॉक्टर करोजनचे नाव माझ्यासमोर काढलेले नाही.

०००

आता गिरिजेविषयी. ही सेतुरावांची मुलगी. एका जाहिरात कंपनीत चित्रे काढते. आईच्या माघारी घरात बापलेक दोघेच. गिरिजेला तमिळ सहज येते, इंग्रजी त्याहून सहज, आणि घरची मराठी मात्र ऐकून कळते, बोलताना अडते; आमच्याशी बोलते ती आमच्याकडूनच उचललेली मराठी.

एका रविवारी तिने कॉफीच्या पेल्यांशेजारी स्वतःची चित्रकथा ठेवली. पाने पूर्ण रंगवलेली. नायिका एक पोहणारी मुलगी. दुष्टाचे नाव शोषोजी. तो चेन्नईची तळी, विहिरी, एरी म्हणजे मोठे तलाव, सगळे शोषून घेतो आणि तेच पाणी टँकरने लोकांना विकतो. चित्रे इतकी जिवंत, की कीर्तनेने नकळत पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

बाकीच्यांचे संवाद इंग्रजीत होते. शोषोजीच्या तोंडचे फुगे मात्र सगळे रिकामे.

"हा कसा बोलत नाही?" मालतीताईंनी विचारले.

"बोलेल. आमच्या घरची मराठी बोलेल," गिरिजा म्हणाली. "तमिळ लिपीत लिहायची, खाली इंग्रजी अर्थ. पण मला पूर्ण येत नाही. अप्पांनी सांगायला हवं."

अप्पांनी पेला खाली ठेवला. "शिवा हो! आतां ही बोली बोलणारे उरले किती? कुंभकोणास थोरली बहीण, फोनवर. इथें मी, आणि ही अर्धी. एवढें जपलेलें, तें नेऊन दुष्टाच्या तोंडीं घालूं? नायिकेच्या तोंडीं घाल, सांगतों."

"अप्पा, हीरो बोलतो किती? 'निल्लु!' म्हणतो, थांब म्हणतो, मारतो, निघून जातो. पेसरदु फुल्ला विल्लन्‌च! अख्खं बोलणं त्याचंच असतं!"

हा युक्तिवाद बिनतोड होता. चित्रकथेत नायकाला ठोसे मिळतात आणि दुष्टाला भाषणे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण सेतुराव उठून आत गेले. पोंगलच्या सुट्टीत शहरात चित्रकथांचा मेळा भरतो. तिथे गिरिजेने टेबल घेतले होते. मुद्रक पाने मागत होता. फुगे रिकामेच होते.

०००

सेतुरावांचे मन वळवावे म्हणून पुढच्या रविवारी आम्ही समुद्रावर शोषोजीचाच विषय काढला. कीर्तने जोरात बोलतो, कारखान्यातली सवय.

"मला प्लॅनच पटत नाही," तो म्हणाला. "पाणी शोषून काय मिळतं? त्यापेक्षा पाणी सोडायचं! अडयार नदी भरायची, कूवम भरायची, रस्ते बुडवायचे, वीज घालवायची. चार दिवसांत शहर गुडघ्यावर!"

शेजारच्या बाकावर फेरफटका मारून दमलेले एक आजोबा बसले होते. 'प्लॅन', 'अडयार', 'कूवम' आणि कीर्तनेचे हातवारे एवढ्यावरून त्यांना कितपत कळले कोण जाणे. त्यांनी काळजीने सेतुरावांना तमिळमध्ये विचारले, हा मुलगा काय म्हणतो? सेतुरावांनी सांगितले, एक विल्लन शहर बुडवणार आहे, त्याची योजना चालली आहे.

आजोबा उठले, काठी घेतली आणि जाता जाता म्हणाले, "अदुक्कु विल्लन् एदुक्कु, सार? डिसेंबर पोदुमे!"

त्यासाठी दुष्ट कशाला? डिसेंबरचा पाऊस पुरे आहे!

कीर्तनेने योजना तिथेच गुंडाळली. सेतुराव खूप हसले. फुग्यांचे काही बोलले नाहीत.

०००

वाट पाहून कंटाळलेल्या गिरिजेने एक फुगा स्वतःच भरला. चित्रात शोषोजी पर्वतावर उभा, खाली दिव्यांनी लखलखणारी नगरी, आणि त्याने हात पसरलेले. आम्हाला वाचता यावे म्हणून तिने पेन्सिलीने देवनागरीत लिहिले होते: "अस्की माझी!"

पान तिने कीर्तनेकडे दिले. तो एकटाच आठवडाभर त्यावर विचार करत होता, हे आम्हाला नंतर कळले.

"सर, कथा एकदम बदलली," रविवारी तो भारावून म्हणाला. "मला वाटलं होतं हा नुसता लोभी आहे. पण याच्या मागे प्रेम आहे!"

"कोणाचे?"

"अस्कीचं! कोणीतरी तिला त्याच्यापासून तोडलंय. म्हणून तो शहराचं पाणी तोडतो. रूट कॉज सापडलं!"

मालतीताईंचेही डोळे चमकले. "बरोबर आहे. आणि ती या पुस्तकात दिसतच नाही. म्हणजे अस्कीचं पुस्तक वेगळं हवं. तिथून ती इथे येणार. सामायिक विश्व!"

मी काही बोलणार, तोच सेतुरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, कोण अस्की? अस्की म्हणजे सगळी हो, सगळी! नगरी अस्की माझी, असें बोलतो तो!"

कीर्तनेचा चेहरा पाहवेना. आठवडाभराचे प्रेम एका विशेषणाने संपले!

मी त्याला समजावले, की हा शब्द आपल्याही जुन्या ग्रंथांत 'असका' म्हणून आहे. आपण तो हरवला, तंजावरकरांनी सांभाळला. मी ज्या मराठीला शुद्ध म्हणून मिरवतो तिच्याहून वडील असा हा शब्द त्या पेन्सिलीच्या फुग्यात बसला होता. मला तो पुसावासा वाटेना.

सेतुराव मात्र अधिकच हट्टाला पेटले. "पाहिलेंत? एक शब्द बाहेर गेला, त्याची बाई झाली. उरलेले दिले तर अख्खें कुटुंब होईल! नको."

०००

मुद्रकाचे फोन वाढले. शेवटी गिरिजेने मला गळ घातली, "सर, तुम्हीच लिहा. जुनी वाटेल अशी मराठी." मला मोह झाला, हे मान्य करतो. दोन दिवस बसून मी सगळे संवाद रचले.

रविवारी कॉफी उकळत होती. सेतुराव खिडकीशी वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. प्रसंग असा: तहानलेली माणसे शोषोजीच्या दारी पाणी मागायला येतात. गिरिजेने माझे वाक्य अडखळत वाचले, "रे क्षुद्र मर्त्यांनो! तुमचे समस्त जलाशय मी निःशेष प्राशन केले आहेत!"

वर्तमानपत्र खाली आले.

"हा दुष्ट आहे कीं पंचांग?"

गिरिजेने माझे कागद खाली ठेवले.

"दारीं आलेल्या माणसास असें ओरडून कोण बोलतो?" सेतुराव म्हणाले. "ओरडणारा दुष्ट म्हणजे कच्चा दुष्ट. आमचा एक मामा होता तंजावूरास. गांवचीं शेतें गिळलीं त्यानें, पण आवाज चढविला नाहीं कधीं. हा शोषोजी आधीं पाट मांडील. गोड बोलेल."

त्यांनी घडी केलेले वर्तमानपत्र मांडीवर ठेवले, किंचित पुढे झुकले आणि इतक्या हळू, इतक्या प्रेमाने बोलले की मालतीताईंचा हात पेल्यावर थांबला.

"यावें. बसावें. उन्हांतून आलांत की. तहान लागली?" मग क्षणभर थांबून, त्याच प्रेमाने, "लागूं दे."

खोलीत कॉफी उतू गेल्याचा आवाज तेवढा झाला. उठायला कोणी तयार नव्हते. गिरिजेची पेन्सिल भराभर चालू होती.

सेतुरावांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"पुढलें चित्र दाखव."

दुपारपर्यंत सगळे फुगे भरले. माझे कागद कीर्तनेने सांडलेली कॉफी टिपायला वापरले, आणि मी हरकत घेतली नाही. निघताना सेतुरावांनी दारात आम्हाला थांबवून हात जोडले.

"एक उपकार करा. मामाच्या नातवांस हें पुस्तक दाखवूं नका!"

०००

मेळ्यात गर्दी चांगली होती. रंगीत केसांची, मुखवटे घातलेली, आवडत्या दुष्टांचे अंगरखे शिवून घेतलेली तरुण मंडळी टेबलाटेबलांशी वाद घालत होती. गिरिजेच्या टेबलामागे सेतुराव स्वच्छ वेष्टी आणि अंगवस्त्र घेऊन ताठ बसले होते. कोणी पुस्तक उचलले की ते दुसरीकडे पाहत. कोणी ठेवून दिले की मात्र त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत.

कानात तीन बाळ्या घातलेला एक तमिळ तरुण आला. पुस्तक त्याने उभ्या उभ्या वाचले. मग शोषोजीच्या पानांवर परत गेला आणि ओठ हलवत तमिळ लिपीतले ते संवाद मोठ्याने म्हणून पाहू लागला. 'यावें. बसावें.' 'लागूं दे' त्याने दोनदा म्हटले; दुसऱ्यांदा आवाज खाली आणून. सेतुरावांची मान आपोआप डोलली.

"सूपर, सार!" तरुण तमिळमध्ये म्हणाला. "मी अशा पुष्कळ भाषा वाचल्या आहेत. परग्रहावरच्या, राक्षसांच्या, एकेका काल्पनिक विश्वासाठी लोक मुद्दाम बनवतात ना, तशा. पण बहुतेक खोट्या वाटतात. ही अगदी खरी वाटते. विल्लनसाठी तुम्हीच तयार केली का?"

गिरिजा समजावून सांगायला पुढे झाली. सेतुरावांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"होय," ते म्हणाले. "आमच्या घरींच केली."

"एवढी भाषा! किती वेळ लागला, सार?"

सेतुरावांनी पुस्तक त्याच्या हातातून घेतले, मिटले, मुखपृष्ठावरची धूळ अंगवस्त्राने पुसली आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिले.

"तीनशें वर्षें."