पार्वताबाईचा श्वास अडला तेव्हा

वलगावच्या पार्वताबाईचं वय बावन्न, आवाज खणखणीत. अमरावतीच्या बाजारात ती पालकाच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून ओरडू लागली की पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं वळायची. गेल्या दिवाळीनंतर मात्र दुपार झाली की तिची पापणी लोंबायला लागली, बोलणं नाकातून निघू लागलं. सकाळी पुन्हा ठणठणीत. एक दिवस प्यालेलं पाणी नाकातून परत आलं, तशी सून रूपाली तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी तिला छताकडे एकटक बघायला लावलं. मिनिटभरात पापण्या मिटल्या. रक्ततपासणीत आजाराचं नाव कळलं, मायस्थेनिया.

"मावशी, रोगाशी लढणारी शरीराची फौज तुमच्यावरच उलटली आहे. नसांचा हुकूम ती स्नायूंपर्यंत पोचू देत नाही."

"म्हंजे घरचेच वैरी झाले माह्ये?"

गोळ्यांनी आवाज परतला. कोणती औषधं घ्यायची नाहीत याची यादीही मिळाली होती. पण फेब्रुवारीत खोकला झाला तेव्हा पार्वताबाईनं कुणाला न विचारता दुकानातून गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची मान सावरेना, थुंकी गिळवेना.

रूपालीनं शेजारच्या गोपालचा ऑटो बोलावला.

"आई, काय होऊन राहिलं?"

छातीत हवा जात नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. जीभ हलेना. डोकं मात्र लख्ख जागं होतं. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा तोकडा पडत होता. पापण्या मिटलेल्या पाहून रूपाली किंचाळली, "आई, झोपू नोका!"

पार्वताबाईनं सगळा जीव एका बोटात आणला आणि सुनेचा तळवा दाबला.

"शुद्धीवर हायेत! गोपालभाऊ, पळवा ना!"

दवाखान्यात रूपालीनं गोळ्यांचं पाकीट आणि ती यादी डॉक्टरांपुढे धरली. पाकिटावरचं नाव यादीत होतं. घशात नळी गेली, श्वास मशीन घेऊ लागली. मग दिवसाआड पाच वेळा दुसऱ्या मशीननं रक्तातला पिवळसर द्रव, उलटलेल्या फौजेसकट, काढून टाकला. दहाव्या दिवशी नळी निघाली.

आता त्या फौजेला फितवणारी छातीतली एक ग्रंथी ऑपरेशन करून काढायची आहे. त्यानं आजार हटेलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत.

"भेव लागते का?" नवऱ्यानं, केशवरावांनी, विचारलं.

"लागते ना," ती म्हणाली. "तरी तारीक घेऊन टाका."